ओट्याखालची दोन फूट चार इंच

केरबा : दोन फूट चार इंच. ध्यानात ठेव.

मनुबाई : माझा शिवणाचा टेप हाय तो. मसाल्याच्या डब्यामागनं काढलासा व्हय?

केरबा : मग? काल गॅसच्या दोन्ही टाक्या एजन्सीत जमा केल्या. जागा मोकळी झाली, मोजाय नको? इन्व्हर्टर बसतोय बग हितं, बॅटरीसकट.

मनुबाई : इन्व्हर्टर? आवं, घरात दुसरी टाकी आली त्या दिवशी तुमी माझं शिलाई मशीन हितनं उचलून रहिमतपूरला भणीकडं टाकलं. “टाकी गेली की मशीन आणू,” आसं कोण म्हनलं हुतं?

केरबा : म्हनलो आसंन. तवा मी फौजेतनं सुट्टीवर आलो हुतो.

मनुबाई : सुट्टीतलं बोलणं धरायचं न्हाई व्हय?

केरबा : अगं, आता सगळा सैपाक विजेच्या शेगडीवर. लाईट गेल्यावर भाकरी कशावर भाजशील, माझ्या डोक्यावर?

मनुबाई : तापल्यालंच असतंय ते. आन लाईट असली तरी हिच्यावर भाकरी फुगत न्हाई. सकाळी खाल्लीसा की.

केरबा : खाल्ली. फौजेत ह्यापेक्षा वाईट खाल्लीया.

हाजराबी : मनुभाबी, हाय का घरात? माझी टाकी न्यायला आले. तुमची संपली बगा, चा निम्मा उकळला आन विझली.

मनुबाई : कुठली टाकी, हाजराबी?

हाजराबी : कुठली म्हंजे? तुमच्या पूजाच्या साखरपुड्याला बुंदी पाडायची म्हणून माझी भरल्याली नेली, आन तुमची निम्मी मला दिली. गल्लीत टाक्या अशाच तर फिरत्यात. तुमाला लागली न्हाई, म्हणून म्हटलं ऱ्हाऊ दे तुमच्याकडं.

केरबा : मी तर दोन मोजल्या, दोन दिल्या. पावती हाय.

मनुबाई : आवं, भरल्याली टाकी दिलीसा? उचलताना जड लागली न्हाई?

केरबा : लागली. मला वाटलं, वय झालं माझं.

हाजराबी : या अल्ला. दुपारी आमच्या सुमैराला बगायला साताऱ्याचे पावणे येत्यात. नवी टाकी यायला चार दिस लागत्यात.

मनुबाई : हितंच शिजव. फकस्त जर्मनचं पातेलं आणू नगंस, ह्या शेगडीला चालत न्हाई. माझं स्टीलचं घे.

केरबा : आन लाईट गेली म्हंजे? म्हणून म्हंतोय, इन्व्हर्टर पायजे.

हाजराबी : भाऊ, आमचा अजीम इन्व्हर्टरच बसवतो की. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा चालतोय, दिवा चालतोय. ही शेगडी लावली की टीं टीं करून बंद पडतोय.

केरबा : हे दुकानात कुणी सांगितलं न्हाई मला.

मनुबाई : तुमी इचारलं कुणाला? अकरा वर्सं मी त्या टाक्या पुसल्या. पुसायला वाकलं की डोळ्यापुढं माझं मशीन दिसायचं. लय रडू यायचं.

केरबा : मग सांगायचं न्हाईस व्हय मला?

मनुबाई : सांगितलं की. तुमी सुट्टीवर हुता.

हाजराबी : भाऊ, उद्या अजीम टेंपो घेऊन साताऱ्याला चाललाय. येताना रहिमतपुरातनं येईल. बसा त्याच्यासंगं, आन मशीन घेऊन या. माझ्या टाकीची भरपाई झाली म्हनीन मी.

केरबा : टाकी तुमची आन भरपाई हिला?

हाजराबी : माझे परकर-पोलकी कोण शिवायचं, भाऊ? मशीन गेल्यापास्नं बाजारातलं घालतेय, एक धड बसत न्हाई.

केरबा : दोघी एक झाल्या म्हंजे संपलं. जातो. मनू, मशीन आलं की पैलं काय शिवणार? शेगडीला कव्हर शिव, धूळ बसती.

मनुबाई : न्हाई.

केरबा : मग हाजराभाबींचं?

मनुबाई : तिचं दुसरं. पैलं माझं पोलकं. अकरा वर्सांमागचं माप आता चालायचं न्हाई. टेप द्या हिकडं.