साहेबांचा नंबर सातवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय आनंदराव आबा, व्यासपीठावर आलेले कंपनीचे विभागीय अधिकारी साहेब, सत्कारमूर्ती चांगदेव आप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी सोजराकाकू, आणि उन्हातान्हाचं, कामं टाकून इथं आलेल्या खुटबावच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सोसायटीचा चिटणीस म्हणून आप्पांबद्दल चार शब्द बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. पत्रिकेत 'वयोमानानुसार निवृत्ती' असं छापलंय, ते तुम्ही वाचलं असेल. तो मजकूर मीच लिहिला. तो खोटा आहे.

आबा, थांबा. शाल-नारळाचं होईल, घाई नाही. मला आधी बोलू द्या, नाहीतर पुन्हा हिंमत व्हायची नाही.

आप्पा दौंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. एक्क्याण्णव सालची गोष्ट. परगावी ट्रंककॉल लावायचा तर काउंटरवर चिठ्ठी द्यावी लागे, आणि आप्पा ती टेबलावरच्या उभ्या लोखंडी खिळ्यात खुपसत. आली त्या क्रमानं कॉल लागत. मी तेव्हा एका बड्या पुढाऱ्याकडे कारकून होतो. साहेबांचा मुंबईचा कॉल घेऊन ऐटीत गेलो. आप्पांनी चिठ्ठी खुपसली आणि म्हणाले, "साहेबांचा नंबर सातवा."

मी म्हणालो, "आप्पा, कुणाचा कॉल हाय, ठावं हाय ना?"

"चिठ्ठीवर लिवलंय की. घाई असंल तर अर्जंट लावा. दर तिथं तक्त्यावर हाय, समद्यांना त्योच."

साहेब अर्जंटचे पैसे देणाऱ्यांतले नव्हते. माझ्यापुढे धुरपदाबाई उभ्या होत्या. त्यांची लेक सोलापूरच्या दवाखान्यात होती. त्यांचा कॉल लागला, "टाकं निघालं का गं?" एवढंच विचारलं आणि रडत बाहेर आल्या. मी सातव्या नंबरापर्यंत बाकावर बसून राहिलो. त्या दिवशी आप्पांचा फार राग आला होता. आज तो दिवस आठवला की मान खाली जाते.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगतो. खत-बियाणं विकणाऱ्या या कंपनीनं आपल्या सोसायटीला पाच कॉम्प्युटर दिले, इंटरनेटची वायर दिली, आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या आप्पांना आपण त्या केंद्रावर बसवलं. फीत कापली, पेढे वाटले. करारात एक कलम होतं. कंपनीची स्वतःची साइट, म्हणजे तिचं खत, तिचं बियाणं, तिचे बाजारभाव, हे आधी आणि वेगात उघडणार. बाकीच्या साइट उरलेल्या जागेत. मी ते वाचलं होतं, आणि समजलंही होतं. मला वाटलं, फुकट मिळतंय, त्यात खताचं पान लवकर उघडलं तर कुणाचं काय बिघडतं?

गेल्या जूनमध्ये बिघडलं. तात्याबांची नात अंकिता, ती बघा मागं खांबापाशी बसली आहे. पोरीला दहावीला ब्याऐंशी टक्के. पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला तीन दिवस केंद्रावर येत होती. पान अर्धं उघडायचं आणि अडकायचं. शेजारच्या कॉम्प्युटरवर कंपनीचं बियाणं मात्र फटाफट उघडत होतं. तात्याबा मला विचारायला आले. मी काय म्हणालो? "सरकारी साइट हाय मामा, सर्व्हर डाऊन असतोय. चालायचंच." आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारी म्हटल्यावर ते सावकाशच चालणार, यात कुणालाच काही नवल वाटलं नाही. माझं फावलं.

एकट्या आप्पांना ते पटलं नाही. ऑपरेटरची सवय अशी, की लाइनमध्ये बिघाड असेल तर ती दोन्ही टोकांनी तपासायची. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी इथं सोजराकाकूंना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः एसटीनं दौंडला जाऊन तिथल्या कॅफेत बसले. फोन कानाला लावून दोघांनी एकाच वेळी तेच पान उघडलं. दौंडला लगेच उघडलं. इथं काकू शेवटपर्यंत पांढरा पडदा बघत बसल्या. आप्पांनी अंकिताला दौंडला यायचा निरोप धाडला. पोरगी पोचली तेव्हा मुदत संपून वीस मिनिटं झाली होती. तिचं एक वर्ष गेलं. वर्षभर ती आईबरोबर कांद्याच्या खुरपणीला जात होती.

आप्पा माझ्या घरी आले. मी त्यांना त्यांचंच एक्स्चेंज ऐकवलं. म्हणालो, "तुमच्याकडं बी अर्जंट कॉल व्हताच की. जास्त पैसं, आधी नंबर."

आप्पा म्हणाले, "व्हता. पर त्यो लावणारा ठरवायचा, आन् दर समद्यांना सारखा. कुणी कुणाशी बोलायचं ह्ये मी कवा ठरवलं न्हाई. आन् हितं वायरवालाच ठरवतोय, कुणाची चिठ्ठी खिळ्याला लावायची आन् कुणाची खाली पाडायची. पोरीला कळलं बी न्हाई, हौसराव, तिची चिठ्ठी पडली म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. तो मी अकरा महिने फाइलीत दाबून ठेवला आणि शेवटी वयाच्या नावावर मंजूर करून घेतला.

अधिकारी साहेब, तुम्ही पाहुणे आहात, तुमचा अपमान करायचा नाही. फक्त विचारतो. रस्ता तुम्ही बांधला म्हणून त्यावरून आधी तुमचीच गाडी जावी, आणि आमची बैलगाडी का अडली ते आम्हाला कळूही नये, हे बरोबर आहे का? आम्ही वायर मागितली होती. आम्ही काय वाचायचं, ते ठरवायला कुणाला सांगितलं नव्हतं.

हा माझ्या हातात नव्या कराराचा कागद आहे, कलम तेच. आबांची सही झाली आहे, चिटणीसाची बाकी आहे. ती मी करणार नाही. आबा, तुम्ही रागवाल, मला पदावरून काढाल, तो तुमचा अधिकार आहे. पाच कॉम्प्युटर परत जातील. आपला जुना एक राहील, टेलिफोनच्या साध्या लाइनवर. तो हळू चालेल. पण सगळ्यांसाठी सारखाच हळू चालेल. मला झोप लागत नाही हो, म्हणून हे चारचौघांत बोललो.

एक्स्चेंजमधून सोबत आणलेला तो खिळा आप्पांनी जाताना केंद्राच्या टेबलावरच ठेवलाय. सोमवारपासून यंदाचे फॉर्म सुरू होतायत. चिठ्ठ्या त्यालाच लागतील, येतील त्या क्रमानं.

आप्पा, काकू, तुमचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

अंकिता, तू मात्र पोटात घालू नकोस. तुला वाटेल तेव्हा घरी ये आणि माझं वर्ष कुठं गेलं म्हणून मला विचार. मी सर्व्हर डाऊन होता असं सांगणार नाही.