उभ्या भातातला विळा

धामणकर नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मोडका स्टँड घेऊन थांबले होते. माझ्यापुढे अंबाडीकडचे केसरीनाथ होते. भातकापणीच्या हार्वेस्टरची तुटलेली लांब पट्टी त्यांनी दुकानदार मुख्तारभाईंसमोर ठेवली.

"मुख्तारभाय, आधी माझा काम करा. मशीन शेतात उभी हाय, नि आभाळ भरलाय."

"पाती पार मोडलीत. दगड आला काय?"

"विळा आला."

"उभ्या भातात विळा?"

"आईचा. पयली मूठ विळ्यानंच कापायची, मगच मशीन घालायची, अशी आमची रीत. मूठ कापली, ती देवाला ठेवायला घरी गेली, नि विळा तिथंच इसरली."

"आणि डायव्हर?"

"पंजाबी हाय. बोलला, अंधाराच्या आत पट्टी आण, न्हायतर मी चाललो खारबावला. एकदा गेला का या हंगामात परत येत न्हाय."

"मग? आईला बोललास?"

"लय बोललो. सगळ्यांसमोर."

"रडली?"

"ती कसली रडते? दुसरा विळा घेऊन कापायला बसली."

"एकटी?"

"न्हाय. डायव्हरला पण विळा दिलाय. त्याला बोलली, माझ्या शेतात भात कापलास, आता जेवल्याशिवाय जायचा न्हाय."

"मग जेवून तरी जाईलच की तो."

"जाईल कसा? तिनं अजून चूलच पेटवली न्हाय."

मुख्तारभाईंनी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.