अंगणातले दोन बोर्ड

आईबाबा इकडे आखातात, अल बर्शाला आमच्याकडे राहायला आले होते ना, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतून नीताताईचा व्हिडिओ कॉल आला. तिचं तिथलं पहिलंच मतदान होतं.

ती सांगत होती, "आमच्या गावात रुळांच्या अलीकडचे सगळे एका पार्टीचे आणि पलीकडचे दुसऱ्या. अंगणात तसे बोर्डच लावतात. आमच्या अंगणात मात्र दोन आहेत, एक माझा, एक ह्यांचा."

बाबा हसले. "आपल्या घरात असलं काही नव्हतं. चाळीस वर्षं मी सांगेन तिथंच तुझ्या आईने शिक्का मारला."

आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सांगायचात, मी हो म्हणायचे. आत तर एकटीच जायचे ना."

बाबांनी फोन जवळ घेतला. "नीता, तिकडे थंडी काय म्हणते?"