आबांच्या गळाला लागलेली तांबोशी

आमच्या आबांना गरीब समजू नका, राव. चऱ्होलीचा माळकरी माणूस, अंड्यालाही शिवत नाही. चाकणच्या कंपनीतले आम्ही चौघं मुरूडला होडी ठरवून मासे धरायला निघालो, तर आबाही सोबत निघाले. म्हणाले, "मी नुसता समुद्र बघतो."

सकाळभर कुणालाच काही लागेना. मला उलटी आली म्हणून गळाची दोरी आबांच्या हातात दिली, आणि तीच ताणली गेली. हातभर लालभडक तांबोशी वर आली.

होडीवाला खुश. "काका, हिचं कालवण फक्कड होतं."

आबांनी गळ अलगद काढला, मासा पाण्यात सोडला आणि हात जोडले.

दुपारी खानावळीत त्यांच्यासमोर आम्हीही मुकाट वरणभात खाल्ला. आबा मात्र वाढप्याला सांगत होते, "पोरांना काय गावलं न्हाई. मला गावला. ह्यो एवढा." आणि दोन्ही हात असे पसरले, की शेजारच्याची सोलकढी सांडली.