दादाची बाटली

– नाही हो ताई, तुमचं कुलूप बिघडलेलं नाही. कुलूप उत्तम आहे, चावीच चुकली आहे. दोन दिवसांत तिसरी खेप ना तुमची? मग चिडणारच तुम्ही. बसा त्या स्टुलावर, मी करून देतो. कालही मीच करून दिली असती, पण मी जेवायला घरी गेलो होतो. मागे दादा एकटाच मशीनवर बसला – माझा थोरला भाऊ. काल तुम्हाला चावी दिली ना, तोच तो. आत्ता चौकापर्यंत चालायला गेलाय. रोज चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.

बघा, ही खाच इथे हवी, त्याने दोनदा कापलीय. या माणसाने मला हातात कानस कशी धरायची ते शिकवलं. मशीन आत्ता आलं, आधी तो नुसत्या नजरेने चावी घासायचा. आणि आता? आता दिवसभर तो चाव्या करतो आणि त्याची पाठ वळली की मी त्या बाजूला टाकतो, दुसऱ्या करून देतो. सांगणार कसं त्याला? काय म्हणू – दादा, तू ऊठ?

गेल्या महिन्यात तर कहरच झाला. एक म्हातारी शिक्षिका जिन्यात अडकली, किल्ली आत राहिलेली. दादा हत्यारं घेऊन गेला, एक मजला जास्त चढला आणि भलतंच दार उघडलं. आत माणसं जेवत बसलेली. हा दारात उभा राहून म्हणतो, ‘घ्या, झालं काम.’ ओळखीचे निघाले म्हणून निभावलं. पण कुलूपवाला भलत्याच घरात शिरला ही गोष्ट बाजारभर व्हायला किती वेळ लागतो? आमच्या धंद्यात दुसरं आहे काय, विश्वासच ना.

तेव्हा नेलं डॉक्टरकडे. मला वाटलं, एखादी गोळी देतील. ते विचारत बसले – दुपारी काय खाता, पाणी किती पिता, साखर किती. वैताग आला मला. अहो, माणूस रस्ते विसरतोय आणि तुम्ही ताटात काय बघताय? तर म्हणाले, एकाच गोष्टीने असं होत नाही, वयही आहे, पण मेंदूलाही रक्तच लागतं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, वर्षानुवर्षं अंगात पाणी नाही – हे सगळं तिथेही साठत जातं. पालेभाजी द्या, फळं द्या, मूठभर दाणे द्या, वेळेवर जेवू द्या. मी विचारलं, मग येईल का सगळं परत? म्हणाले, गेलेल्याचं वचन देत नाही, उरलंय ते सांभाळा. आता याला काय उत्तर म्हणायचं?

दुपारी काय खातो, या प्रश्नाला दादाने सरळ सांगितलं, ‘ऑरेंज कोल्ड्रिंकची बाटली आणि वेफर्स.’ सव्वीस वर्षं, ताई. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वहिनी माझ्याकडे बघायला लागली – तिला वाटायचं, आम्ही दोघं दुकानात डबा मागवून जेवतो. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

आधी तो दुपारी एक वाजता घरी जायचा, गरम जेवायचा. मग माझं लग्न झालं, मी वेगळं बिऱ्हाड केलं. मला दुपारी घरी जावंसं वाटायचं, आणि दुकान बंद ठेवायचं नाही हा त्याचा नियम. मीच म्हटलं, दादा, आजचा दिवस तू बस, मी तुला थंड काहीतरी पाठवतो. आजचा दिवस. तो हसून म्हणाला, ‘जा, ती वाट बघत असेल.’ दुसऱ्या दिवशी मी विचारलंसुद्धा नाही. मी निघायचो, तो बाटली उघडायचा. पाणी पी म्हटलं तर म्हणायचा, हे पाणीच आहे की.

आता वहिनी घरी साखरेचा दाणा मोजते. पालेभाज्या निवडते, सकाळी भिजवलेले दाणे त्याच्या हातावर ठेवते. तरी साखर उतरत नाही म्हणून रडकुंडीला येते, मलाच विचारते, भावोजी, माझं काय चुकतंय? आणि मी – अहो, बारा वाजले की तो हट्टाला पेटतो, गिऱ्हाइकावर ओरडतो, मशीन सोडत नाही. अर्धी बाटली दिली की तासभर शांत. अर्धीच देतो. रोज नाही. म्हणजे… जवळजवळ रोज.

हे तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी. घ्या, झाली चावी. पैसे राहू द्या, चूक आमची होती.

तो बघा, कोपऱ्यावर आला. तो विचारेल, कालची चावी बरोबर लागली का. लागली म्हणा. आणि निघा लगेच – थांबू नका, तुम्ही थांबलात की तो पुन्हा मशीनवर बसेल.