तीन पोती तांबडी माती

(कोल्हापूर. विद्यापीठातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, रविवारची दुपार. प्रसेनजीत काचेवरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा सोलतोय. दारात आकाराम वस्ताद, मागं व्हरांड्यात तीन पोती.)

वस्ताद : ...तर वॉचमन म्हनला, वहीत नाव लिवा, आन आत काय नेताय ते लिवा. मी लिवलं, आकाराम वस्ताद आन माती.

प्रसेनजीत : वस्ताद, ही तालमीची माती?

वस्ताद : कुस्तीच्या हौदाची. रिक्षावाल्यानं पोत्यांस्नी मागं बसवलं आन मला फुडं, त्याच्या मांडीवर.

प्रसेनजीत : पण हौदातनं काढली कशाला?

वस्ताद : उद्या फरशी बसनार तितं. मशिनी येनार, चारी भितींस्नी आरसं येनार. पोरं म्हनत्यात, मातीत आपला दंड केवढा झालाय ते दिसत न्हाय. बाकीची माती ट्रॉलीत भरत्यात. मी म्हनलं, थांबा, तीन पोती इद्यापीठाला लागत्यात.

प्रसेनजीत : कुणी सांगितलं लागतात म्हणून?

वस्ताद : तूच की. चहाच्या गाड्यावर. वस्ताद, मीबी मातीतच असतो, मुरवतो आन प्लॅस्टिकात घालतो, म्हनला हुतास.

प्रसेनजीत : ते मी बोलायचं म्हणून बोललो. त्या दिवशी सकाळपासून कुणाशीच बोललो नव्हतो.

वस्ताद : मीबी न्हवतो. म्हनून ध्यानात ऱ्हायलं.

प्रसेनजीत : तुम्ही डब्यातनं मूठभर दिली होती ना, ती घालून बघितली मी. हा बघा तुकडा.

वस्ताद : झाक आलाय. रंग बग की.

प्रसेनजीत : रंग यायला नको होता. ह्यातनं पलीकडचं दिसायला पाहिजे होतं.

वस्ताद : पलीकडं काय हाय बगन्यासारखं? तुझं कपाट हाय.

प्रसेनजीत : शिवाय ताकाचा वास येतोय.

वस्ताद : ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर. तुझ्या प्लॅस्टिकानं जन्मात येवढं खाल्लं नसंल.

प्रसेनजीत : आणि वाकवलं की मोडतंय.

वस्ताद : मला वाकवून बग. मीबी मोडतो.

प्रसेनजीत : आता हा दुसरा तुकडा उजेडाकडं धरा.

वस्ताद : ह्यात कायच न्हाय.

प्रसेनजीत : माती आहे. शंभरात तीन भाग.

वस्ताद : कुटं?

प्रसेनजीत : दिसत नाही. दिसली असती तर माझं चुकलं असतं. ही वेगळी माती, बेंटोनाइट. हिचा एकेक कण म्हणजे पत्त्यांचा कॅट समजा. त्याची पानं सुटी करायची आणि प्लॅस्टिकात पसरायची. पण मातीला पाणी आवडतं, प्लॅस्टिकला तेल. दोघं एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत. मग मातीला आधी एक औषध लावतो. त्याचं एक टोक मातीला धरतं, दुसरं प्लॅस्टिकला.

वस्ताद : सोयरीक जमवनारा.

प्रसेनजीत : तोच. फक्त हा लग्न झाल्यावर घरी जात नाही.

वस्ताद : जेवून जातोय म्हनत बसला आसंल. मग?

प्रसेनजीत : मग पानं सुटतात, एकेकटी होतात. इतकी पातळ, की उजेडाला ती वाटेत आहेत हेच कळत नाही. पण ओल आत शिरायला लागली की तिला प्रत्येक पानाला वळसा घालावा लागतो. गुळाच्या ढेपेला हे गुंडाळलं तर गुळाचा रंगही दिसेल आणि पावसाळ्यात त्याला पाणीही लवकर सुटणार नाही.

वस्ताद : आन पानं सुटलीच न्हाईत तर?

प्रसेनजीत : घोळका करून बसली तर डाग दिसतो.

वस्ताद : मंजे घोळका दिसतो, एकटं दिसत न्हाय.

प्रसेनजीत : साधारण तसंच.

वस्ताद : बरं झालं, कुनीतरी शोधून काडलं. मला वाटायचं माझ्याच बाबतीत हाय.

प्रसेनजीत : बसा ना वस्ताद. स्टूल आहे तिथं.

वस्ताद : बसत न्हाय. ह्यो तुकडा मी नेतो. आमच्या हौदाची माती ह्यात हाय म्हनून सांगतो.

प्रसेनजीत : पण ती नाही त्यात.

वस्ताद : दिसत न्हाय न्हवं? मग कुनाची हाय हे कोन सांगनार?

प्रसेनजीत : मी. मला हे सगळं लिहून द्यावं लागतं. खाली सही माझी असते.

वस्ताद : तू लिवू नगंस. मी निसतं बोलनार.

प्रसेनजीत : कुणाला?

वस्ताद : तालमीच्या अध्यक्षाला.

प्रसेनजीत : त्यांनी विचारलं का, माती कुठं नेली म्हणून?

वस्ताद : न्हाय.

प्रसेनजीत : पोरांनी?

वस्ताद : पोरं मशिनी कवा येनार तेवढंच इचारत्यात.

प्रसेनजीत : मग?

वस्ताद : मग काय? इचारलं कुनी, तर तोंडात उत्तर असावं म्हनून नेतो.

प्रसेनजीत : तुम्ही झोपायचा तालमीतच ना?

वस्ताद : हौदाच्या कडंला. आता किल्ली अध्यक्षाकडं. भावाच्या घरात एक खोली हाय, पर तितं जमीन लई गप हाय. तुझं कसं? हितं कोनच दिसत न्हाय.

प्रसेनजीत : सर जर्मनीला गेलेत. बरोबरचे दोघं पुण्याला, नोकरीला. यंत्र चालू मी करतो, बंदही मीच करतो.

वस्ताद : बोलतंय का यंत्र?

प्रसेनजीत : तापमान सांगतं.

वस्ताद : मंजे बरं हाय. भाऊ तेवढंबी सांगत न्हाय.

प्रसेनजीत : वस्ताद, पोतं उचला त्या बाजूनं.

वस्ताद : परत त्या ट्रॉलीत धाडतोस? धाड. तुझ्या कामाची न्हाय म्हनलास, संपलं.

प्रसेनजीत : इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीपलीकडं मोकळी जागा आहे. तिथं ओतू.

वस्ताद : आन?

प्रसेनजीत : आन काही नाही. असू दे.

वस्ताद : आशी पडून ऱ्हायली तर दगूड हुतो तिचा. रोज उकरावी लागती, पानी मारावं लागतं.

प्रसेनजीत : उकरता येतं मला. लहानपणी दोन महिने तुमच्याकडं तेवढंच केलं.

वस्ताद : व्हय की. माझ्या सगळ्या पैलवानांत तू एकटा कवाच चीत झाला न्हाईस.

प्रसेनजीत : मी कुणाशी लढलोच नव्हतो.

वस्ताद : ते मी कुनाला सांगितलं न्हाय. पर पोरा, तीन पोत्यांत कुस्ती हुनार न्हाय.

प्रसेनजीत : मग काय होईल?

वस्ताद : दोघं बसतील येवढं हुईल.