वस्तादांनी थांबवलेली लढत

जुन्या जपानी तलवारबाजीच्या सिनेमांचा विषय निघालाच आहे, तर जुन्या हुबळीतलं सांगतो. कॉलेजात असताना आम्ही फिल्म क्लब काढला आणि जागेसाठी तालमीच्या वस्तादांना गळ घातली. ते म्हणाले, "आधी एक सिनेमा दाखव, मग बघू."

मी असलाच एक काळा-पांढरा सिनेमा व्हीसीआरवर लावला. मधला भाग इतका रेंगाळला की पैलवान जांभया द्यायला लागले. पण शेवटच्या लढतीत नुसता वाऱ्याचा आवाज आणि समोरासमोर उभी दोन माणसं. सगळे श्वास रोखून बसले. इतक्यात खलनायक घसरून पडला आणि नायकानं तलवार उगारली.

"ए, निल्लिसो!" वस्ताद ओरडले. मी घाबरून टेप थांबवली.

"पडलेल्यावर वार करतोय? उठू दे की त्याला."

"अण्णा, ही कला आहे!"

"असू दे. मागं घे. परत लढू देत."

मी चिडून टेप मागं घेतली. नायकानं पुन्हा तेच केलं.

वस्ताद उठले. "जागा दिली तुला, दर रविवारी ये. पण ह्या माणसाला परत तालमीत आणू नको."